घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे की नाही, हे नवख्या माणसाने कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: कॉम्प्युटर नव्यानेच वापरताय, विंडोज ११ आहे, कोपरखैरण्यातल्या एका दुकानातून जोडून घेतलाय. उजव्या कोपऱ्यात सारखी ‘५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा’ अशी पाटी येते आणि दुकानवाला म्हणतो, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.

इतक्यात नेऊ नका. मी काही आयटीतली नाही. ऐरोलीत घरी बसून तीन सोसायट्यांचे हिशेब लिहिते. सेक्रेटरी, खजिनदार, ऑडिटरचा मुलगा, सगळ्यांचे पेन ड्राइव्ह माझ्याच कॉम्प्युटरला लागतात. त्यामुळे या विषयातलं जे काही येतं ते ठेचा खाऊन आलेलं आहे.

आधी त्या पाटीचं बघू. ती बहुतेक व्हायरसची नाहीच. फुकट मॅच दाखवणाऱ्या किंवा फॉर्म डाउनलोड करायच्या एखाद्या साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही ना? मग अलाउ दाबा’ असं आलं असेल आणि तुम्ही दाबलं असेल. तेव्हापासून त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर येऊन बोंब मारायची परवानगी मिळाली. पाटी नीट वाचा. बारीक अक्षरात कुठल्या तरी विचित्र साइटचं नाव आणि गूगल क्रोम असं दिसेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते. ओळखीची नाही ती प्रत्येक साइट ब्लॉक करा. माझ्याकडे अशा अकरा निघाल्या होत्या! आणि पाटीवर फोन नंबर असेल तर चुकूनही फिरवू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

आता खरी तपासणी. त्यासाठी नवीन काही विकत आणायची गरज नाही. विंडोजमध्येच डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस असतो. स्टार्ट उघडून इंग्रजीत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. तिथलं क्विक स्कॅनचं बटण मोहात पाडतं, पण जरा दम धरा. आधी त्याच पानावरचे अपडेट्स घ्या. मग ‘मॅनेज सेटिंग्ज’ उघडा. ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघा आणि अगदी खाली उतरून ‘एक्सक्लूजन्स’ उघडा.

ही जागा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक्सक्लूजन्स म्हणजे डिफेंडरला दिलेली ‘इथे बघू नकोस’ अशी यादी. माझा आधीचा कॉम्प्युटर असाच जोडून घेतलेला होता, विंडोज दुकानदारानेच टाकून दिलेलं. आठ महिने मी दर रविवारी भक्तिभावाने स्कॅन करायचे आणि दर रविवारी ‘नो करंट थ्रेट्स’ वाचून चहाला उठायचे. एकदा सहज ती यादी उघडली तर त्यात एकच ओळ: सी कोलन. म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह! वॉचमनला सांगितलेलं, गेटवर बस पण बिल्डिंगकडे बघू नकोस. ती ओळ काढली, रात्री साडेदहाला फुल स्कॅन लावून झोपले, सकाळी तीन ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या वेषात घुसणारे व्हायरस, लाल अक्षरात. त्यातला एक विंडोज फुकटात ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणाऱ्या क्रॅकच्याच फोल्डरमध्ये. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ते तसं टाकावंच लागतं, नाहीतर डिफेंडर क्रॅक उडवून टाकतो.” बरोबरच आहे, तेच तर त्याचं काम!

तर तुमच्या यादीत काही असेल आणि ते तुम्ही स्वतः टाकलेलं नसेल, तर काढा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून फुल स्कॅन. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावा आणि कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणार नाही एवढं बघा. काही सापडलं तर ‘रिमूव्ह’ किंवा ‘क्वारंटाइन’ निवडा. ‘अलाउ’ नको. काढलेलं पुन्हा पुन्हा उगवत असेल तर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधलाच ऑफलाइन स्कॅन करा. उघडलेलं काम आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटांचं काम. निकाल नंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतो.

दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर डिफेंडर बाजूला होतो. मग स्कॅन त्या अँटिव्हायरसमधूनच करा, नाहीतर तो काढून टाका. दोन-दोन पैलवान एकाच आखाड्यात ठेवू नका. मन मानत नसेल तर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती एकदा चालवता येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, त्यांच्या साइटवरही फुकट साधनं मिळतात. एखाद्या फाइलचाच संशय असेल तर व्हायरसटोटल या साइटवर टाकून बघा, तिथे एकाच फाइलवर अनेक अँटिव्हायरस चालतात. मात्र आधार, पॅन, बँक स्टेटमेंट तिथे अपलोड करू नका. टाकलेली फाइल इतर कंपन्यांच्या हातात जाते.

पेन ड्राइव्हचं एक लक्षात ठेवा. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलात आणि सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झाले, प्रत्येकावर तो छोटा बाण, तर डबल क्लिक करू नका. डेटा सहसा गेलेला नसतो, लपवलेला असतो. ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी डिफेंडरने स्कॅन करा.

अलीकडे एक नवीनच प्रकार आलाय. साइट म्हणते, माणूस आहात हे दाखवायला विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. असं केलंत की साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेला आदेश तुम्ही आपल्या हाताने चालवता. कुठलाही खरा कॅप्चा, म्हणजे माणूस आहात का ते तपासणारी चाचणी, असलं काही करायला सांगत नाही.

नुसता स्लो असेल तर व्हायरसवर लगेच आळ घेऊ नका. सी ड्राइव्ह गच्च भरलाय का बघा, आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये काय जास्त खातंय ते पाहा. माझ्याकडे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, टाकल्यावर ‘व्हायरस’ गेला!

स्कॅनमध्ये ट्रोजन निघाला तर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि एवढं करूनही फॉरमॅट मारायची वेळ आलीच, तर फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, दुकानदाराला ओरिजिनल विंडोजच टाकायला सांगा, आणि कॉम्प्युटर घरी आला की सगळ्यात आधी ती एक्सक्लूजन्सची यादी उघडा.