ट्रॅकपॅडचे दुसरे बोट कुठे हरवते?

प्रश्न : बर्डीवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकले आहे. ट्रॅकपॅडवर एका बोटाने बाण नीट फिरतो, क्लिकही होते. परंतु दोन बोटांनी पान वरखाली सरकत नाही. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून मला सी भाषा येते. याचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, स्वतः लिहिता येईल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : येईल, आणि आपण तो लिहावा असे मला मनापासून वाटते. मात्र त्याआधी ‘डीमेसेज’ आज्ञा चालवून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, या ट्रॅकपॅडला काय म्हणून ओळखले आहे ते पाहावे. तेथे नुसता ‘पीएस/२ माउस’ असा उल्लेख आढळला, तर दोष बोटांचा किंवा काचेचा नाही. जुन्या माउसच्या मूळ पद्धतीत एका वेळी तीनच बाइट येतात, त्यांत बटणे आणि दोन दिशांचे सरकणे एवढेच मावते. दुसऱ्या बोटाला तेथे जागाच नसते. सिनॅप्टिक्स या कंपनीचा पॅड असल्यास ‘पीएसमाउस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=१’ हा पर्याय कर्नलला देऊन पाहावा, कारण असे बरेच पॅड दुसऱ्या मार्गानेही जोडलेले असतात. आय-टू-सी (चिपा एकमेकींना जोडणारी दोन तारांची पद्धत) जोडणीच्या पॅडसाठी ‘हिड-मल्टिटच’ हा ड्रायव्हर 2011 पासून कर्नलमध्ये आहेच.

एवढे करूनही लिहिण्याची वेळ आली, तर एक गोष्ट पक्की धरावी : ड्रायव्हरने बोटे कुठे आहेत एवढेच सांगायचे, त्यांचा अर्थ लावायचा नाही. पान सरकवायचे की चित्र मोठे करायचे, हे ‘लिबइनपुट’ ही कर्नलबाहेरची लायब्ररी ठरवते. नव्याने लिहिणारे येथेच हमखास घसरतात आणि ड्रायव्हरमध्येच स्क्रोल बसवतात.

ड्रायव्हर काय कळवतो ते दाखवणारे ‘इव्हटेस्ट’ लावून तर्जनी टेकवली की स्लॉट 0 मध्ये (स्लॉट म्हणजे एका बोटाच्या नोंदीचा कप्पा) एक ओळखक्रमांक, समजा 45, उमटला पाहिजे. मधले बोट टेकवले की स्लॉट 1 मध्ये 46. आता तर्जनी उचलावी. स्लॉट 0 चा क्रमांक उणे 1 होतो आणि मधले बोट मात्र स्लॉट 1 मध्येच, 46 हाच क्रमांक घेऊन राहते. ते या क्षणी स्लॉट 0 मध्ये सरकले, तर पडद्यावरचा बाण उडी मारतो. हार्डवेअर बोटांची ओळख स्वतः राखत नसेल, तर ‘इनपुट_एमटी_असाइन_स्लॉट्स’ हे फंक्शन आधीच्या जागांशी मेळ घालून देते. तो हिशेब स्वतः लिहीत बसू नये.

पॅडची रुंदी पट्टीने मोजावी. ती 100 मिलिमीटर भरली आणि आडव्या अक्षाची व्याप्ती 0 ते 3000 असेल, तर दर मिलिमीटरला 30 एकके असे ड्रायव्हरने कळवायचे. हा आकडा चुकला, तर बाणाचा वेग कितीही जुळवला तरी हाताला बसत नाही.

नमुन्यासाठी मॅकबुकच्या ट्रॅकपॅडचा ‘बीसीएम५९७४’ हा ड्रायव्हर वाचावा. तो 2008 मध्ये, कर्नलच्या 2.6.27 आवृत्तीत आला. त्यात प्रत्येक मॉडेलच्या मोजमापांचा तक्ता एका ठिकाणी मांडलेला आहे. आपले मोड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा, उतरवताना आणि चढवताना ट्रॅकपॅड बंद पडतो, म्हणून यूएसबी माउस जोडलेला ठेवावा.