आमच्याकडे समुद्र नाही, मग समुद्रजीवशास्त्र कसं करू?

"नीट हुकली, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं. समुद्रजीवशास्त्र करायचंय, पण आम्ही कोकणातले नाही. जमेल का?" निकालांच्या दिवसांत हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकू येतो, की त्यावर लिहायलाच हवं.

इंदापूरकडची, ऊस पिकवणाऱ्या घरातली एक मुलगी आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समुद्रातलं काय शिकायचंय, असं विचारलं तर म्हणाली, "देवमासे, प्रवाळ." सगळं व्हिडिओत पाहिलेलं.

"गावाजवळ पाणी कुठलं?"

"उजनी. पण ते धरण झालं, मॅडम."

कल चाचणी मी घेतली नाही. माणूस कोणी सांगितलं नसतानाही पुन्हा पुन्हा कशाकडे वळतो, त्यावरून कल कळतो, असं माझं ठाम मत आहे. तिला एवढंच सांगितलं, "रोज एकाच काठावर जा आणि दिसेल ते लिही."

आधी नुसतंच "पाणी हिरवं, वास येतो" असं होतं. मग एके दिवशी ती वही उघडतच आत आली. "हिरवी साय सगळीकडे सारखी नसते, वारा ज्या काठाकडे तिथे साचते! आणि मासेमार म्हणतात, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. रात्रीत असं काय होतं?"

उत्तर मला ठाऊक होतं, तरी दिलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन मोजता येतो, एवढंच सुचवलं. पुढच्या भेटीत ती खुर्चीवर बसायचंच विसरली. "पहाटे अगदी कमी, दुपारी भरपूर! शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच वापरतं." मग थांबून म्हणाली, "समुद्रातही असं कमी होतं का?"

या प्रश्नाची मी वाट पाहत होते. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. कारणं उजनीपेक्षा वेगळी, पण प्रश्न तोच. ही मुलगी समुद्राच्या दिशेने केव्हाच निघालेली होती.

आता वाटा. बी.एस्सी. झालेल्यांना गोवा विद्यापीठात किंवा कोचीच्या कुसॅटमध्ये (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात) एम.एस्सी. करता येतं. त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी. बारावीनंतरच ठरलं असेल, तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी आहे. मत्स्यव्यवसायातल्या पुष्कळ जागांना हीच पदवी मागतात, म्हणून हे आधीच तपासा. पोहणं शिका, पण त्याआधी संख्याशास्त्र पक्कं करा. संशोधनाची वाट लांब आहे आणि पगार उशिरा सुरू होतो, हे घरी स्पष्ट सांगा.

तिच्या वडिलांनी शेवटी एकच विचारलं, "शिकून उजनीवर काम मिळेल का?" असं काम असतं. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या नद्या आणि जलाशयांवर संशोधन करते. त्या मुलीने गोवा आणि कोची, दोन्हीकडे अर्ज भरलाय.