वाचकांचे प्रश्न : उंची कधी वाढते, कधी थांबते

या वेळी आलेल्या पत्रांत उंचीची पत्रं सगळ्यांत जास्त. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलगा साडेबारा वर्षांचा, सातवीत. उंची १४३ सें.मी. वर्गात सगळ्यांत बुटका, आणि दीड वर्षाने धाकटी बहीण त्याच्या बरोबरीला आली आहे. माझी उंची १५५, यांची १६८. यांची उंची म्हणे अकरावीत वाढली. शेजारणीने उंचीची पावडर सुचवली आहे. द्यावी का?
– एक आई, गंगापूर रोड

पावडर राहू द्या, आधी मोजपट्टी काढा. मुली साधारण दहा-अकराव्या वर्षी झपाट्याने वाढू लागतात, मुलं त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यामुळे या वयात धाकट्या बहिणीने गाठणं अगदी नेहमीचं आहे. साडेबाराला १४३ ही उंची भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या ५ ते १८ वर्षांच्या तक्त्यात सरासरीखाली असली तरी नॉर्मल पट्ट्यातच बसते. दोघांची उंची मिळवा, मुलगा म्हणून १३ वाढवा आणि दोनाने भागा : १६८ येतात. मुलगी असेल तर १३ वजा करायचे. या आकड्याच्या खाली-वर आठेक सें.मी. धरायचे, म्हणजे तुमच्या मुलाची उंची बहुधा १६० ते १७६ च्या दरम्यान थांबेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ वडिलांच्या अकरावीची आहे. उशिरा वयात येणं घराण्यात चालतं. अशा मुलांची हाडं वयाच्या मानाने दीड-दोन वर्षं मागे असतात, म्हणून ती बारा-तेराव्या वर्षी मागे पडतात आणि मित्रांची वाढ थांबत आली की भरून काढतात. यात औषध लागत नाही, पण अंदाज खरा आहे ना, हे तपासावं लागतं. ते वाढीच्या वेगावरून कळतं. वयात येण्याआधी वर्षाला ४ ते ६ सें.मी. वाढ व्हायला हवी. ऐन भरात मुलगे वर्षाला ९-१० सें.मी. वाढतात, मुली आठेक.

मोजताना बहुतेक घरांत एकच चूक होते. आपल्याकडे फरशीलगत भिंतीला टाइलची पट्टी असते. तिच्यामुळे टाचा पुढे येतात, पाठ मागे झुकते आणि आकडा कमी येतो. म्हणून दाराची सपाट बाजू किंवा पट्टी नसलेली भिंत शोधा. पाय अनवाणी, टाचा जुळलेल्या. टाचा, कुल्ले आणि खांदे मागे टेकलेले. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत हवं. हनुवटी वर केली की उंची कमीच भरते. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून केस दाबा, पेन्सिलीने खूण करा आणि स्टीलच्या टेपने मोजा. तीनदा मोजून सरासरी तारखेसह वहीत लिहा. वेळ नेहमी सकाळचीच ठेवा. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची एक ते दीड सें.मी. कमी भरते.

दर महिन्याला मात्र मोजत बसू नका. मोजण्यातली अर्ध्या सें.मी.ची चूक महिन्याच्या हिशेबात वर्षाला ६ सें.मी.ची होते, आणि मग घरात उगाच आनंद किंवा रडारड. तीन महिन्यांनी मोजा, वेग काढायचा तो सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या फरकावरून.

वर्षाला ४ सें.मी.पेक्षा कमी वाढ, तक्त्यातली रेषा सोडून खाली घसरणं, उंची थांबून वजन मात्र वाढणं, सततची डोकेदुखी आणि नजर अधू होणं, वारंवार जुलाब आणि फिकेपणा, यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉइड, रक्ताची आणि मूत्रपिंडाची तपासणी, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिलिॲक आजाराची चाचणी आणि हाडं वयाच्या किती मागे आहेत हे दाखवणारा डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे, एवढ्यावर बहुतेक गोष्टी उलगडतात. चौदा पूर्ण होऊनही मुलगा किंवा तेरा पूर्ण होऊनही मुलगी वयात येण्याची काहीच चिन्हं दाखवत नसेल तर वाट बघू नका. आणि मुलगी कारणाशिवाय फार बुटकी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी करावी, मग ती दिसायला अगदी नॉर्मल का असेना.

मुलीला साडेदहाव्या वर्षी पाळी आली, आता अकरा पूर्ण आहेत. उंची १४८. पाळी थांबवायचं इंजेक्शन देऊन उंची वाढवता येते, असं नात्यातल्या एका ताईंनी सांगितलं.
– नाशिक रोड

ते इंजेक्शन आठव्या वर्षाआधी स्तनांची वाढ सुरू झालेल्या मुलींसाठी आहे. साडेदहाला पाळी येणं लवकर आहे, आजार नाही. उंचीचा सगळ्यांत मोठा झपाटा पाळीच्या आधीच होऊन जातो. पाळी आल्यावर दोनेक वर्षांत सरासरी ५ ते ७ सें.मी. वाढ होते, लवकर आलेल्यांत थोडी जास्त. आज पाळी थांबवून हातात फारसं काही लागत नाही. हिमोग्लोबिन बघा आणि जेवणासोबतचा चहा बंद करा, त्याने लोह नीट शोषलं जात नाही.

आमचं घर शाकाहारी. चौदा वर्षांच्या मुलाला नेमकं काय आणि किती द्यावं?
– पंचवटी

१३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. ऐकायला जड, पण हे घरच्या ताटातच आहे. दोनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकऱ्यांतून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. कच्ची ३० ग्रॅम तूरडाळ आणि तेवढीच मटकी मिळून तेरा, मूठभर शेंगदाणे सात, दोन पेले दूध बारा-तेरा. बेरीज पन्नाशीच्या पुढे गेली, पावडरीचा डबा न आणता.

कॅल्शियमसाठी दोन पेले दुधाचे ४८० मि.ग्रॅ., वाटीभर दह्याचे १८० च्या आसपास, आणि उरलेलं नागलीतून, म्हणजे नाचणीतून. पेठ-सुरगाण्याकडून येणारी नागली १०० ग्रॅमला साडेतीनशे मि.ग्रॅ.च्या आसपास देते, म्हणजे दोन भाकऱ्यांत तुमचा हिशेब पुरा. दूध न आवडणाऱ्या मुलाच्या मागे पेला घेऊन धावण्यापेक्षा नागलीचं आंबील आणि दही बरं.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सकाळी साडेसहाच्या स्कूल बससाठी मुलगा नुसत्या चहावर निघतो, डबा अर्धा परत येतो, क्लासच्या वाटेवर वडापाव होतो आणि रात्री भूकच नसते. पोट भरतं, प्रथिनं मात्र राहतात. सकाळी शेंगदाण्याचा लाडू किंवा मुगाचं धिरडं पोटात गेलं तरी चित्र बदलतं. पावडरींच्या डब्यामागे साखरेची ओळ वाचा, मग दुकानदाराशी बोला.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे द्या. महिनोन्महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. झोपेचंही ताटासारखंच आहे. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं, या वयात ८ ते १० तास हवेत. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला तर यातले दोन तास आपोआप सुटतात.

दोरीवरच्या उड्यांनी उंची वाढते का? आणि जिमने खुंटते का?
– इंदिरानगर

दोन्ही नाही. उड्यांनी हाडं बळकट होतात, लांब होत नाहीत. वजनं उचलल्याने वाढ थांबत नाही; चुकीच्या पद्धतीने जड वजन उचलून हाडाच्या टोकाची वाढपट्टी दुखावली तर त्या हाडाला त्रास होतो. तेव्हा शिकवणारा शेजारी हवा आणि सुरुवात हलक्या वजनाने.

वय साडेसतरा, पोलीस भरतीची तयारी करतोय. उंची १६३.५, हवेत १६५. ग्राउंडवर रोज लोंबकळतो. जिममध्ये एक जण इंजेक्शन देतो म्हणाला.
– सिन्नर

इंजेक्शनला स्पष्ट नाही म्हण. शरीर फुगवणाऱ्या स्टेरॉइडने वाढपट्ट्या लवकर मिटतात, म्हणजे उरलीसुरली उंचीही जाते. वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन हा वेगळा प्रकार. ते ठरावीक आजारांत आणि पट्ट्या उघड्या असतानाच उपयोगी पडतं.

लोंबकळून मणक्यातल्या चकत्या जरा मोकळ्या होतात, उभं राहिल्यावर थोड्याच वेळात परत दबतात. आधी आपली १६३.५ खरी आहे का ते बघ. धावून आल्यावर संध्याकाळी मोजली असेल तर उद्या झोपेतून उठल्या उठल्या, वर सांगितलेल्या पद्धतीने मोज. भरतीत मोजणी सकाळी लवकर असेल तर तुझा आकडा तोच.

मग मनगटाचा एक्स-रे काढ. वाढपट्ट्या थोड्याही उघड्या असतील तर दीड सें.मी. मिळायला वाव आहे. मिसरूड उशिरा फुटलेली मुलं कधी अठरा-एकोणिसापर्यंत वाढतात. त्या काळात भरपेट जेवण, आठ तास झोप आणि तंबाखू-गुटख्यापासून लांब राहणं, एवढंच हातात आहे. पट्ट्या मिटल्या असतील तर लोंबकळण्यात जाणारा तास अभ्यासाला दे आणि तलाठीसारख्या उंचीची अट नसलेल्या पदांकडेही बघ; तलाठीला पदवी लागते, तेव्हा तो फॉर्म पदवी झाल्यावर भर.