‘कसूर’ माणसाची की कामाची?

प्रश्न : ‘कर्तव्यात कसूर केल्याबद्दल खुलासा करावा’ अशी नोटीस सहकाऱ्याला आली. कसूर म्हणजे गुन्हा ना? आणि हा शब्द ‘कसर’वरूनच आला का?
– एक सरकारी कर्मचारी

उत्तर : नोटिशीने गुन्हेगार ठरवलेले नाही. ‘कसूर’ हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. त्याच्या धातूचा अर्थ आखूड होणे, कमी पडणे. प्रवासात मुसलमान चार रकातींची (रकात म्हणजे नमाजाचे एक आवर्तन) नमाज दोन रकातींत पढतात, त्या सवलतीचे ‘कस्र’ हे नाव याच धातूचे. जुन्या मराठीतली ‘तकसीर’ (चूक, अपराध) हीही त्याच घरातली.

हिंदीत हा अर्थ ‘अपराध’कडे सरकला : ‘मेरा क्या कसूर?’ तिथे कसूर माणसाचा असतो. मराठीत ती कामात असते. म्हणून आपल्याकडे तिच्याआधी बहुधा ‘-त’ येतो : देखभालीत कसूर, दंड भरण्यात कसूर. ‘सरबराईत कसूर ठेवली नाही’ म्हणताना तर अपराधाचा वासही नसतो. ‘बेकसूर’ मात्र हिंदी वळणाचाच.

‘कसर’ वेगळी. तिचा अरबी धातू मोडण्याचा. अपूर्णांकालाही अरबीत ‘कस्र’च म्हणतात. अरबी लिपीत दोन्ही शब्दांची ‘क’ आणि ‘स’ ही अक्षरे निराळी आहेत, देवनागरीत ती एक झाली आणि घोटाळा झाला. कसर भरून काढता येते, कसुरीचा खुलासाच द्यावा लागतो. (कपड्यांना लागते ती कसर तिसरीच, आणि कसुरी मेथी पाकिस्तानातल्या कसूर गावची.)

लिहिताना ‘कसूर’मधला ‘सू’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व : कसुरीबद्दल, कसुरीमुळे. नोटिशींत ‘कसुर’ सर्रास दिसते, ते चूक.

खुलासा लिहिताना ‘दिरंगाई’शी गल्लत नको. फारसी ‘दिरंग’ म्हणजे उशीर. दिरंगाईत काम उशिरा का होईना होते, कसुरीत ते राहते किंवा अर्धवट होते. तरी ‘उशीरच झाला, कसूर नाही’ एवढ्याने सुटका होईलच असे नाही. महाराष्ट्राच्या 2005च्या बदल्या व विलंब-प्रतिबंध कायद्यानुसार कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, आणि जाणूनबुजून केलेला विलंब कर्तव्यातली कसूरच ठरतो. तेव्हा फाईल कोणत्या तारखेला आली, कधी पुढे गेली आणि मधे कशासाठी थांबली, हे खुलाशात आधी लिहावे.