‘विलोपन’ की ‘पुसणे’? : भयस्मृती क्षीण होण्याच्या संज्ञेविषयी

मेंदूविज्ञानावरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘फिअर एक्स्टिंक्शन’ (शिकलेली भीती ओसरत जाणे) या संज्ञेसाठी मानसशास्त्रावरील मराठी लेखनात आढळणारा ‘विलोपन’ हा शब्द ठेवावा, की सर्वांना सहज कळणारे ‘भीतीची आठवण पुसणे’ वापरावे. आणि ‘मेंदूतील रसायने भीती पुसून टाकतात’ हे वाक्य बरोबर आहे का. माझे मत असे की ‘विलोपन’ ठेवावे, ‘पुसणे’ टाळावे आणि ते वाक्य मुळापासून बदलावे. कारण या प्रक्रियेत जुनी आठवण पुसली जात नाही.

ही संज्ञा रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगांतून आली. त्याच्या ‘उगासानिये’ या रशियन शब्दाचा अर्थ विझत जाणे असा आहे. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळते हे शिकलेल्या कुत्र्याला तोच आवाज अन्नाविना वारंवार ऐकवला, की त्याची लाळ गळणे थांबते. परंतु मध्ये काही काळ जाऊ दिला, की कोणतेही नवे शिक्षण न देता ती पुन्हा गळू लागते, हे पाव्हलॉव्हने स्वतःच नोंदवले होते. भीतीचेही तसेच आहे. आवाजानंतर विजेचा झटका बसतो हे शिकलेला उंदीर आवाज ऐकताच थिजून बसतो. झटक्याविना तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की त्याचे थिजणे कमी होते. मात्र त्याला वेगळ्या पिंजऱ्यात नेले, बरेच दिवस मध्ये गेले किंवा अवचित एखादा झटका बसला, की भीती परत येते. पुसलेले असे परत येत नाही.

‘विलोपन’ या शब्दातूनही नाशच सूचित होतो, असा आक्षेप घेता येईल, आणि ‘लोप पावणे’चा आजचा वापर पाहता तो निराधार नाही. पण व्याकरणात पाणिनीने ‘लोप’ या संज्ञेची व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) अशी केली आहे. लोप म्हणजे न दिसणे. एवढेच नव्हे, तर ‘प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्’ (१.१.६२) या सूत्राने, प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य होतच राहते, असेही सांगितले आहे. असणे आणि दिसणे यांतला हा भेद भयस्मृतीला इतका चपखल लागू पडतो, की याहून नेमका शब्द नव्याने घडवणे कठीण आहे.

बोलीतले ‘भीती चेपणे’ मला तितकेच मोलाचे वाटते. पोहायला शिकणाऱ्या मुलाची पाण्याची भीती चेपते, ती पाण्यात वारंवार उतरल्यामुळे. नुसते दिवस गेल्यामुळे नव्हे. म्हणूनच येथे ‘विसरणे’ही चालणार नाही. शिवाय चेपलेली गोष्ट खाली शिल्लक असतेच. सामान्य वाचकांसाठीच्या लेखात प्रथम ‘विलोपन, म्हणजे भीती चेपणे’ असे लिहून पुढे दोन्ही शब्द निःशंकपणे वापरावेत.

आता रसायनांविषयी. आवाज आणि झटका यांची भीतीदायक जुळणी मेंदूतील अमिग्डला या भागात होते. विलोपनात प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, म्हणजे कपाळामागील मेंदूच्या बाह्यस्तराचा, काही भाग अमिग्डलातील भीतीच्या प्रतिसादाला आवर घालायला शिकतो, आणि हा आवर घालण्यात गाबा या निरोधक रसायनाचा मोठा वाटा असतो. येथे ‘शिकतो’ हे क्रियापद मी जाणीवपूर्वक वापरले आहे. १९९२ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या अमिग्डलातील एनएमडीए ग्राहक, म्हणजे ग्लुटामेट हे रसायन स्वीकारणारे आणि शिकण्यासाठी आवश्यक असलेले प्रथिन, औषधाने रोखून धरले, तेव्हा भीती ओसरण्याचीच प्रक्रिया अडली. भीती ओसरण्यासाठीही शिकावे लागते, याचा हा पुरावा होता. २००२ मध्ये म्युनिकच्या गटाने दाखवले की, मेंदू स्वतः तयार करतो त्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांचा सीबी१ हा ग्राहक ज्या उंदरांत नव्हता, ते भीती नेहमीसारखीच शिकले, पण त्यांची भीती चेपणे फार अवघड गेले.

‘पुसणे’च्या जवळ जाणारी एक वेगळी घटना मात्र आहे. २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात उंदरांची भयस्मृती आधी जागी करून, नंतर प्रथिननिर्मिती रोखणारे औषध अमिग्डलात सोडले, तेव्हा ती आठवण पुन्हा पक्की झाली नाही. स्मृती जागी न करता दिलेल्या औषधाचा असा परिणाम झाला नाही. याला ‘पुनर्दृढीकरण रोखणे’ म्हणावे आणि विलोपनाशी त्याची गल्लत करू नये. ‘पुसणे’ वापरायचेच, तर येथे, आणि तेही जपून.

राहिला वाक्यातील कर्त्याचा प्रश्न. ‘रसायने भीती पुसतात’ असे म्हटले की रसायन कर्ता होते आणि रुग्णाचा अनुभव वाक्यातून गळून पडतो. डी-सायक्लोसेरीन हे मूळचे क्षयरोगावरील प्रतिजैविक एनएमडीए ग्राहकांचे काम वाढवते. २००४ मध्ये अमेरिकेत उंचीची भीती असलेल्या लोकांना ते देण्यात आले, पण आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेण्याच्या उपचारासोबत. आणि त्यांची भीती नुसत्या उपचारापेक्षा अधिक कमी झाली. पुढील अभ्यासांतील निष्कर्ष संमिश्र आहेत. ज्या सत्रात भीती ओसरतच नाही, तेथे हे औषध भीतीच दृढ करण्याची शक्यताही संशोधकांनी मांडली आहे. म्हणून वाक्य असे लिहावे : ‘सुरक्षित अनुभव वारंवार आल्याने भीती चेपते, आणि मेंदूतील काही रसायने हे नवे शिकणे सुलभ किंवा अवघड करतात.’