घरीच वचन वाचतो, प्रार्थना करतो. तरी इतर विश्वासणाऱ्यांची सहभागिता हवीच का?

तुम्ही विचारलंय की रोज घरी बायबलमधलं वचन वाचता, प्रार्थना करता, मोबाईलवर संदेशही ऐकता, मग उपासनेला आणि संगतीला जायलाच हवं का. मी दीड वर्ष तुमच्यासारखंच केलं, म्हणून लिहितोय.

वडील गेल्यावर माझं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणं सुटलं. मनात रागही होता, कारण तिथून कुणी साधी विचारपूससुद्धा केली नव्हती. घरी वाचन चालू होतं, पण प्रार्थना हळूहळू आटत गेली. डोळे मिटले की शब्दच येईनात. एका संध्याकाळी ओळखीतल्या एक वयस्क विश्वासी मावशी आल्या. उपदेश काही केला नाही. बायबल उघडून स्तोत्र 23 ची एकेक ओळ वाचायच्या आणि मी ती म्हणेपर्यंत थांबायच्या. मृत्युच्छायेच्या दरीपाशी माझा आवाज फुटेना. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा. त्या दिवशी मी त्यांच्या विश्वासाच्या आधाराने प्रार्थना केली, माझ्यात तेवढा उरला नव्हता.

आपण कुठल्या ओळीला अडखळलो, हे मोबाईलवरच्या संदेश देणाऱ्याला दिसत नाही. ते शेजारी बसलेल्यालाच दिसतं.

आणि ही गरज फक्त कच्च्या विश्वासाच्या माणसांची नाही. इ.स. 57 च्या सुमारास प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की मला तुम्हाला भेटायची उत्कंठा आहे, म्हणजे तुमच्या आणि माझ्या विश्वासाने आपल्या दोघांनाही उत्तेजन मिळेल. खुद्द प्रेषिताला त्यांच्याकडून काही हवं होतं! पुढे तीनेक वर्षांनी तो रोमला पोहोचला तो कैदी म्हणून, वाटेत जहाज फुटून. तेव्हा तिथले बंधुजन त्याला सामोरे आले, तीन उतारशाळांपर्यंत आणि अप्पियाच्या पेठेपर्यंत. ही पेठ रोमपासून साठ किलोमीटरहून लांब. त्यांना पाहून पौलाने देवाची उपकारस्तुती केली आणि त्याला धीर आला, असं प्रेषितांची कृत्ये 28:15 मध्ये आहे. ते काय बोलले ते लिहिलेलं नाही. मला ही ओळ फार जवळची वाटते.

आपलं एकत्र मिळणं सोडू नये, हे बायबलमधलं इब्री 10:25 बरेचदा गैरहजर राहणाऱ्यांना दटावायला वापरतात. मला ते पटत नाही. आधीचं 24 वं वचन जोडून वाचा: प्रीती आणि सत्कर्मं करायला एकमेकांना उत्तेजन द्यायचं आहे, त्यासाठी एकत्र यायचं आहे. आणि हे ज्यांना लिहिलं, त्यांनी विश्वासापायी निंदा सोसली होती, मालमत्ता लुटली गेलेली पाहिली होती. त्यांना एकमेकांवाचून तग धरणं अवघड होतं.

मंडळीत मन दुखावलं जातं, हे खरंच आहे. विश्वासाने सांगितलेला प्रार्थना-विषय चार घरी पोहोचला तर माणूस परत तोंड उघडत नाही. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर लगेच मोठ्या सभेत जाऊन बसा असं मी म्हणणार नाही. गुपित राखणारे दोघं-तिघं शोधा, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेटा. एक उतारा वाचा, प्रत्येकाने एकच प्रार्थना-विषय सांगा, आणि पुढच्या भेटीत आधी त्याचं काय झालं ते विचारा. मीही असाच परत सुरू झालो. रविवारच्या उपासनेला जायला त्यानंतर चार महिने लागले.