जाळी की तळं, बदकं कुठे ठेवू?

प्रश्न : ताई, नमस्कार. राऊच्या पुढे आमच्या शेतात बदकांचे दोन शेड आहेत. एकात पांढरी पेकिन, प्लास्टिकच्या जाळीवर, ती सात आठवड्यांची झाली की विकतो. दुसऱ्यात खाकी कॅम्पबेलचे नर, दिवसभर तळ्यावर आणि रात्री भुश्यावर, ते पाच महिन्यांचे झाल्यावर जातात. हॉटेलवाले म्हणतात जाळीवरचं मांस मऊ आहे पण चरबी फार, तळ्यावरचं चवीला छान पण चिवट. शिवाय पावसाळ्यात तळ्यावरच्या बदकांच्या छातीवर खपल्या येतात, मग भाव पाडतात. सगळी जाळीवर घेऊ का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : भाऊ, लगेच खर्च करू नका. जात वेगळी, वयही वेगळं, मग सगळं शेडच्या माथी कसं मारायचं? खाकी कॅम्पबेल ही अंड्याची जात, अंगाने हलकी, आणि पाच महिन्यांचा नर चिवट लागणारच, कारण वय वाढलं की स्नायूंमधलं कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारे चिवट धागे, पक्कं होतं आणि शिजवताना लवकर सुटत नाही. त्याला जाळीवर आणलं तरी तो सात आठवड्यांच्या पेकिनसारखा मऊ होणार नाही. हा माल हॉटेलला मंद आचेवरच्या रश्श्यासाठी म्हणून वेगळा द्या, पेकिनच्या सोबत नको.

शेडचा फरक पडतो तो जास्त करून चरबीत. जाळीवर बदक फारसं हिंडत नाही, खाल्लेलं अंगी लागतं, वजन पटकन येतं पण कातडीखाली आणि पोटात चरबीही साठते, आणि पेकिनचा तर तो स्वभावच आहे. मोकळं फिरणाऱ्याचं मांस साधारणपणे कमी चरबीचं, थोडं घट्ट असतं. म्हणून जाळी राहू द्या, फक्त दिवसा बाहेर अंगण द्या, एका बदकामागे १०-१५ चौरस फूट पुरे. वजन यायला थोडा वेळ लागेल, तेवढं धरून चाला.

आता खपल्या, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. बदक कोंबडीपेक्षा पाणी जास्त पितं, त्याहून जास्त उडवतं, विष्ठाही पातळ, त्यात आपल्या माळव्याची काळी माती पावसात पायाला चिकटून आत येते, मग भुसा ओला राहतो आणि बदक रात्रभर त्यावर छाती टेकून बसतं. रोज सकाळी भुसा मुठीत दाबून बघा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तो बदलायला झालाय. बदक उचलून तळपाय बघा, मधे काळी खपली दिसली तर छातीचीही वेळ जवळ आलीय समजा. आणि खाली बसून बदकाच्या उंचीवर वास घ्या, उभ्याने अमोनिया, म्हणजे ओल्या विष्ठेतून सुटणारा उग्र वायू, नीट कळत नाही. पाण्याची भांडी भुश्यावरून उचला, एका कोपऱ्यात नाली काढून तिच्यावर जाळी टाका आणि भांडी तिथेच ठेवा. भांडं एवढं खोल हवं की अख्खं डोकं बुडेल, नाहीतर डोळे-नाक साफ होत नाहीत. मांसासाठी पोहणं लागतंच असं नाही. बुरशी आलेला भुसा किंवा मका तर अजिबात वापरू नका, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर मारतं. खपल्या वाढल्या किंवा बदकं मरायला लागली तर महूचं व्हेटर्नरी कॉलेज तुम्हाला जवळच आहे, मेलेलं बदक घेऊन तिथे दाखवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. विकायच्या दिवशी बदकाला पायाने उचलून लटकवू नका, पाय नाजूक असतात, आणि घाबरून फडफडलं की त्याचा परिणाम मांसावर होतो, पाणी सुटतं, रंग बिघडतो. आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू, आणि उन्हाळ्यात गाडी पहाटेच काढा. कापल्यावर मांस गरम असतानाच डीप फ्रीझरमध्ये टाकलं तर कोवळं बदकही चिवट होतं. आधी रात्रभर साध्या फ्रिजमध्ये राहू दे, मग हॉटेलला द्या.